बुरशी

दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादला, दिलसुखनगरच्या आत्याकडे गेलो होतो. इटलीहून आलेल्या आतेभावाने गोरगोन्झोला नावाचे चीज आणले होते. कागद सोडताच आजींनी (आत्याच्या सासूबाई) नाकाला पदर लावला.

"अरे, बुरशी आलीय! टाकून दे."

मी पडलो विज्ञानाचा विद्यार्थी! ही बुरशी मुद्दाम वाढवतात, पेनिसिलियम रोकफोर्टी तिचे नाव, असे ऐटीत सांगितले.

मेट्रो स्टेशनाजवळच्या दुकानातून क्रीम आणले. मंद आचेवर लोणी, त्यात क्रीम, मग कुस्करलेले चीज. खळखळून उकळू द्यायचे नाही, नाहीतर सॉस फुटतो. मीठ नको; चीज मुळातच खारट. फार दाटले, तेव्हा पास्ता शिजवलेले पाणी पळीभर घातले. त्यातल्या पिठुळपणाने सॉस काय मऊसूत झाला! माझ्या आग्रहाखातर आजींनीही ताटली पुढे केली.

आणि तेव्हा मला आठवले. या चीजसाठी दूध गोठवतात ते वासराच्या जठरातल्या रेनेटने. आजी तर अंडेही घरात येऊ देत नाहीत. पळी हातातच राहिली. बोलावे तर सगळी ऐट जाणार. गप्प बसावे तर त्यांना कधीच कळणार नव्हते.

सांगून टाकले.

आजी क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग ताटली मागे घेतली. "वाढायच्या आधी सांगितलंस, बरं केलंस. सूनबाई, मला दहीभात कालव."

आम्ही दोघांनी पातेले चाटूनपुसून संपवले. आजींनी मात्र ते माझ्याकडून चिंच लावून तीनदा घासून घेतले.