तिकडून इकडे

पालघरच्या किनाऱ्यावर, आमच्या मुरबे गावात, बोंबील वाळवताना दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी वाळवणाच्या आडव्या वलांडीवर टाकतात. ऊन चांगलं असलं तर चार-पाच दिवसांत मासळी तयार. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर दोन कॉडच्या शेपट्या बांधतात आणि ती जोडी लाकडी मांडवावर टांगतात. फेब्रुवारीत टांगलेला मासा मे महिन्यात उतरतो. मीठ दोन्हीकडे लागत नाही. ते मांडव पहिल्यांदा पाहिले तेव्हा सोबतची मुलं फोटो काढत होती आणि मी जवळ जाऊन गाठी बघत होते. परदेशी विद्यापीठात शिकायला आल्यापासून पहिल्यांदाच वाटलं, यात माझी परीक्षा घ्या, मला आधी वाचून यायची गरज नाही.

मी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला एका सत्रासाठी गेले होते, जानेवारी ते जून. आर्क्टिक वृत्ताच्या बऱ्याच वर असलेलं हे शहर. तिथलं मत्स्यविज्ञान महाविद्यालय १९७२ मध्ये सुरू झालं, आणि ज्यांच्या घरात जाळी आहेत त्यांची मुलं तिथे सहज भेटतात. २०२३ पासून नॉर्वे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून फी घेऊ लागलं, पण दोन विद्यापीठांच्या करारातून सत्रभर येणाऱ्यांना ती माफ आहे. फी आपल्याच कॉलेजात भरायची, तिथे ३० क्रेडिट मिळवायचे आणि ते घेऊन परत यायचं. बोटीवर चालणाऱ्या घरातल्या मुलीला परदेशात शिकायचं असेल तर ही वाट तिच्या आवाक्यातली आहे. हे आपल्या किनाऱ्यावरच्या शाळांमधून सांगितलं जात नाही, आणि ते सांगितलं जावं असं मला फार वाटतं.

मी पोचले तेव्हा सूर्य उगवतच नव्हता. दुपारी आभाळ थोडा वेळ निळसर व्हायचं, मग पुन्हा काळोख. नोव्हेंबरच्या शेवटी गेलेला सूर्य २१ जानेवारीच्या सुमारास डोंगरामागून दिसतो आणि त्या दिवशी गावभर गोड पाव खातात. आईला फोनवर सांगितलं, आज सूर्य दिसला. ती म्हणाली, मग कपडे वाळत घाल.

वसतिगृहात स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. नॉर्वेची मुलं सभ्य, मदतीला तत्पर, पण त्यांची मैत्री शाळेपासून जमलेली असते. सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाला त्यात जागा मिळायला सहा महिने पुरत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. माझं खरं शिक्षण झालं ते माझ्यासारख्याच पाहुण्या मुलांमध्ये. एकदा मी बाजारातून वाळवलेला कॉड आणला. तो इतका कडक की आधी कुटावा लागतो, मग पाण्यात ठेवावा लागतो. घरून नेलेली चिंच आणि मिरची घालून मी त्याचं कालवण केलं. वासाने शेजारच्या खोलीतली नायजेरियाची मुलगी आली आणि पातेल्यात पाहून तिने त्या माशाचं तिच्या भाषेतलं नाव घेतलं : ओकपोरोको. १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा युद्धात उपासमार झाली तेव्हा मदतीच्या अन्नात हा मासा होता, आणि तेव्हापासून तो त्यांच्याकडे आणखी घराघरांत रुजला. आजही लोफोटेनच्या कॉडची वाळलेली डोकी नायजेरियाला जातात. तिच्या आजीच्या आठवणीतला मासा नॉर्वेचा होता आणि माझ्या हातची चव मुरब्याची. त्या रात्री जेवायला कुणी नॉर्वेजियन नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. त्यांचाच मासा होता.

वर्गातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून अजून जात नाही. नॉर्वेत १९३८ साली कायदा झाला की मच्छीमाराकडून मासळीची पहिली विक्री मच्छीमारांच्याच विक्री संघांमार्फत होईल. ट्रॉम्सोत मुख्यालय असलेला संघ कॉडचा किमान भाव ठरवू शकतो, आणि त्याखाली खरेदी करता येत नाही. प्राध्यापकांनी मला विचारलं, तुमच्याकडे भाव कोण ठरवतं? मी त्यांना घोळ माशाची गोष्ट सांगितली. ऑगस्ट २०२१ मध्ये पावसाळ्यातली मासेमारी बंदी संपल्यावर मुरब्याच्या एका बोटीला १५७ घोळी लागल्या आणि लिलावात १ कोटी ३३ लाख रुपये आले. ती किंमत खरं तर माशाच्या पोटातल्या बोताची, म्हणजे हवेच्या पिशवीची. ते पूर्वेकडच्या देशांत जातं. वर्ग थक्क झाला. मग एका मुलीने विचारलं, तिथे ते बोत शेवटी कितीला विकलं गेलं, हे बोट चालवणाऱ्या त्या तांडेलाला कळतं का? कळत नाही. बोट ज्याची, जीव ज्याचा, त्याला भावाची पहिली पायरीच दिसते. सातपाटीच्या सहकारी संस्थांनी पापलेटच्या बाबतीत दाखवून दिलंय की मच्छीमार एकत्र आला तर भावावर बोलू शकतो. पण बोंबील, जवळा, करंदी विकणारी बाई बाजारात एकटीच असते.

याच वेळी मी परदेशात शिकलेल्या आपल्याकडच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांविषयी वाचत होते. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या. १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियाला गेले आणि मे १९१६ मध्ये तिथल्या परिसंवादात त्यांनी भारतातल्या जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. दोघेही शिकायला गेले होते, पण जाताना घरचा प्रश्न सोबत घेऊन गेले आणि परक्या वर्गाला तो शिकवून आले. त्यांच्या उंचीशी माझी तुलना नाही. पण परदेशात गेल्यावर आपलं गाव बाजूला ठेवून फक्त त्यांचं शिकावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही दोन उदाहरणं जरूर पाहावीत.

म्हणून सत्राच्या शेवटचं सादरीकरण मी कॉडवर केलं नाही. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्यामुळे खाड्या आणि समुद्र बिघडतात, ही तक्रार घेऊन मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि लवादाने जानेवारी २०२२ मध्ये उद्योगांना भरपाईचा आदेश दिला. ते प्रकरण मी मांडलं. मासे कमी झाले हे मच्छीमाराने कोर्टात कशाच्या आधारावर सिद्ध करायचं, यावर चर्चा ठरल्या वेळेपेक्षा खूप लांबली. नॉर्वेकडे दशकानुदशकांच्या नोंदी आहेत. आपल्याकडे त्या नोंदी तांडेलांच्या डोक्यात आहेत : कुठल्या कवीत, म्हणजे मासेमारीच्या ठरलेल्या जागेत, कुठल्या भरतीला काय मिळायचं आणि आता काय मिळतं. माणूस गेला की नोंद गेली.

विद्यापीठांच्या करारात लिहिलेलं असतं की विद्यार्थी दोन्हीकडून जातील. आपल्याकडून मुलं जातात. तिकडून आलेलं मला कुणी भेटलं नाही, आणि आलंच तर मुंबईच्या एखाद्या संस्थेत राहून परत जाईल. माझा आग्रह आहे की त्यांनी इथे यावं. त्यांचं शरदाचं सत्र ऑगस्टच्या मध्याला सुरू होतं. आपली बंदी ३१ जुलैला संपते. नारळी पौर्णिमा, पहिली फेरी, वागऱ्याच्या जाळ्यात येणारं पापलेट, ऑक्टोबरपासून बोंबलाचा हंगाम, बहुतेक सगळं त्यांच्या सत्रात बसतं. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली. ती लांबी डोलीच्या जाळ्यात कशी पाळायची, कारण डोल तर प्रवाहातलं सगळंच घेते, हा प्रश्न त्या मुलांनी बोटीवर उभं राहून पाहिला तर त्यांच्याही शास्त्राच्या उपयोगाचा आहे.

परत आल्यावर मी माझ्या विभागाला तसा प्रस्ताव दिला. राहायची सोय आमच्या घरी, वरच्या खोलीत, आईची संमती आहे. विभागाने विचारलं, शिकवणार कोण? मी पाच जणांची नावं कळवली. तिघे तांडेल आहेत, दोघी बोईसरच्या बाजारात मासे विकायला बसतात. पदवी कुणाकडे नाही. मानधनाच्या रकान्यात मी लिहिलंय की पाहुण्या प्राध्यापकाला तासाला जेवढं देता, तेवढंच यांनाही द्यावं.