नावेची कावड

प्रवास म्हटला म्हणजे आपल्या लोकांच्या मनात बहुधा दोनच चित्रे उभी राहतात. एक तीर्थयात्रेचे आणि दुसरे थंड हवेच्या ठिकाणाचे. जलप्रवास हा तर कोकणातील मंडळींनी रंगवून सांगावा आणि देशावरील मंडळींनी ऐकावा, असाच विषय. आमच्या नद्या चार महिने दुथडी भरून वाहतात आणि उरलेले महिने गुडघाभर पाण्यावर काढतात. त्यामुळे वल्हे हाती धरण्याची विद्या देशावर फारशी रुजलीच नाही. असे असता आमच्या बिबवेवाडीच्या घरी गेले दोन महिने रात्रीची जेवणे आटोपली की दिवाणखान्यात नकाशा पसरला जातो, आणि दोन हलक्या होड्या घेऊन पानशेत व वरसगाव या जलाशयांतून चार दिवसांची सफर करण्याचा खल सुरू होतो. प्रवास घडण्यापूर्वीच त्याविषयी लिहिणे हा काहींस अव्यापारेषु व्यापार वाटेल. परंतु बेत आखता आखता जे कळले, ते आमच्यासारख्या अन्य कुटुंबांसही उपयोगी पडेल, अशा समजुतीने हा लेख लिहीत आहोत.

या प्रकारच्या प्रवासाची मूळ कल्पना आपल्याकडील नव्हे. अमेरिकेचे मिनेसोटा राज्य आणि कॅनडाचा ऑन्टॅरिओ प्रांत यांच्या सीमेवर, हिमयुगातील बर्फाने खडक खरवडून केलेली असंख्य तळी विखुरलेली आहेत. एका तळ्यातून दुसऱ्यात जावयाचे तर मध्ये खडक, दलदल आणि रान. तेथील ओजिब्वे आदिकरून मूळ रहिवाशांनी भूर्जाच्या सालीची होडी सिद्ध केली. ती मुद्दाम इतकी हलकी, की पाणी संपले म्हणजे माणसाने ती उचलून पुढच्या पाण्यापर्यंत न्यावी. पुढे केसाळ कातड्यांचा व्यापार करणारे फ्रेंच नावाडी याच वाटांनी गेले. ओझ्याचा पट्टा कपाळावर घेऊन ते गाठोडी पाठीवर वाहत. आजही अशा होडीच्या मध्यावर खांद्यांवर बसेल अशी आडवी दांडी असते, आणि तिला तिकडील भाषेत बैलांच्या जुवाचेच नाव आहे.

खांद्यावरील या वाटचालीस मराठीत शब्द कोणता योजावा, यावर घरात पुष्कळ वाद झाला. संस्कृताभिमानी पक्षाने ‘नौस्कंधवहन’ हा शब्द पुढे केला. परंतु तो उचलण्यास होडीहूनही जड आहे, असे मुलांचे मत पडले. अखेर ‘नावेची कावड’ हा शब्द सर्वांस पटला. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटातून चढणाऱ्या कावडी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस या शब्दाचा अर्थ निराळा सांगावयास नको. तेथे माणसे पाणी वाहून नेतात. येथे पाण्यावर माणसांस वाहून नेणारीलाच माणसे वाहतात, इतकाच फरक.

आता आपल्याकडील तळ्यांविषयी. महाराष्ट्रात लोणारसारखे एखादे सरोवर सोडले, तर निसर्गाने केलेली मोठी तळी जवळजवळ नाहीतच. आपले बहुतेक प्रत्येक तळे ही कोणीतरी घातलेल्या बांधाची निर्मिती आहे. आमच्या बिबवेवाडीच्या दक्षिणेस कात्रजची तळी आहेत. तेथून १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत भुयारी नळाने शहरात पाणी आणले गेले. तेथून येणारा आंबिल ओढा पर्वतीच्या पायथ्याशी अडवून पेशव्यांनी केलेल्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. हल्ली शहराचे पाणी येते ते मुख्यत्वे खडकवासल्याच्या साखळीतून. या साखळीत मुठेवरील टेमघर ३.७१, मोसे नदीवरील वरसगाव १२.८२, आंबी नदीवरील पानशेत १०.६५ आणि सर्वांच्या खाली असलेले खडकवासला १.९७ अब्ज घनफूट पाणी साठविते. म्हणजे ज्या पाण्यावर आमची होडी तरंगावयाची, तेच पुढे पुणेकरांच्या माठात उतरावयाचे. तेव्हा हा प्रवास रानातला असला, तरी एका परीने तो आपल्याच घरच्या हंड्यातला आहे, हे विसरून चालावयाचे नाही. सबब साबण, तेल व खरकटे पाण्यात जाऊ द्यावयाचे नाही. शौचास पाण्यापासून पुष्कळ दूर जावे, हा मिनेसोटाकडील दंडक आम्हीही स्वीकारला आहे.

खडकवासल्याचा जलाशय आम्ही प्रथमच वगळला. त्याच्या एका काठास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे क्षेत्र आहे, आणि तेथे उपऱ्याने होडी नेणे योग्य नव्हे. राहिले पानशेत व वरसगाव. बिबवेवाडीहून स्वारगेट, सिंहगड रस्ता, खडकवासला आणि खानापूर या मार्गाने पानशेत सुमारे ४० किलोमीटर पडते. तेथे दोन्ही धरणांच्या भिंती शेजारी शेजारी आहेत. जलाशय मात्र तेथून दोन निरनिराळ्या खोऱ्यांत शिरून वळणे घेत पश्चिमेस सह्याद्रीच्या कण्याकडे जातात. आंबीच्या खोऱ्यात शिरकोलीसारखी गावे लागतात आणि अगदी टोकाकडे घोळ. तेथून पुढे कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा. धरणे सरकारी आणि पाणी पिण्याचे. म्हणून जलसंपदा विभागाची लेखी परवानगी हाती आल्यावाचून होडी पाण्यास लावावयाची नाही, आणि ती न मिळाल्यास बेत निमूटपणे सोडून द्यावयाचा, हे पहिल्याच रात्री ठरले.

काळ मार्गशीर्षाचा योजला आहे. श्रावण–भाद्रपदात तळी भरतात खरी, पण पाऊस व वारा यांचा भरवसा नाही. आश्विनात दुपारच्या वळवासारख्या सरी विजांसह येतात. उलटपक्षी चैत्र–वैशाखात पाणी इतके मागे जाते, की काठ आणि पाणी यांच्यामध्ये चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्यात रुतलेला पाय काढणे म्हणजे होडी उचलण्याहून कठीण. मार्गशीर्षात पाणी पुष्कळ आणि सकाळी बहुधा शांत असते. दुपारी वारा सुटून लाटा उठण्यापूर्वी वल्ही थांबवावयाची. भरलेली होडी ताशी ४ किलोमीटर चालते असे धरून, दिवसाकाठी चार तासांहून अधिक पाण्यावर राहावयाचे नाही.

यानंतर गणित आले ते कावडीचे, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे. सतरा फुटी होडीचे वजन सुमारे ३० किलो. होडी, तंबू, अंथरुणे आणि शिधा एका खेपेत जात नाही. नवशिक्यास वाटते की दोन खेपा म्हणजे दुप्पट चाल. तसे नाही. पहिली खेप नेली, रिकाम्या हाती परत आलो, दुसरी नेली. म्हणजे एका किलोमीटरचे तीन झाले. तीन खेपा केल्या तर पाच. दोन धरणांमधील वाट दोन किलोमीटरांची धरली, तरी दोन खेपांनी ती सहा आणि तीन खेपांनी दहा किलोमीटरांची होते. हा हिशेब पाटीवर मांडून दाखविताच प्रत्येकाच्या पिशवीतील निम्मे सामान आपोआप खाली उतरले. लोखंडी तवा गेला, दोन उशा गेल्या, आणि पुतण्याची चार पुस्तके होती त्यांचे एक राहिले. शिधाही कोरडा व हलका ठरला: भाजणी, मेतकूट, गूळपापडी, दाण्याची चटणी, पहिल्या दिवसापुरत्या दशम्या, आणि संध्याकाळी पिठले-भात.

खरा मतभेद झाला तो डोंगराविषयी. तरुण मंडळींचा आग्रह असा, की धरणाच्या पायथ्याच्या सडकेने होडी वाहण्यात पुरुषार्थ कसला? आंबीच्या खोऱ्यातून मधली डोंगररांग ओलांडून मोसे खोऱ्यात उतरावे, म्हणजे नावेच्या कावडीचे नाव सार्थ होईल. यावर घरातील वडीलधाऱ्यांनी एकच प्रश्न केला: “चढावर एकाचा पाय मुरगळला, तर त्याला कोण उचलणार आणि होडीला कोण?” चौघांत दोन होड्या असता या प्रश्नास उत्तर नव्हते. अखेर असे ठरले, की होडी जाईल ती पायथ्याच्या वाटेनेच. डोंगराची हौस ज्यांस असेल, त्यांनी घोळच्या बाजूस होडी गावात ठेवून, वाटाड्या बरोबर घेऊन, मोकळ्या खांद्यांनी ती फेडावी.

एवढे ठरल्यावर एका रविवारी आम्ही जागा पाहून येण्यास गेलो. पानशेतच्या काठी एक वृद्ध गृहस्थ गुरे वळीत बसले होते. पलीकडचे गाव किती दूर, असे विचारता त्यांनी बोट दाखविले. “दिसतंय न्हवं? हाक मारली तर ऐकू जाती. पर जायाचं म्हटलं तर दिस मोडतो.” मग त्यांनीच सांगितले, “मी ल्हान व्हतो तवा आत्या त्या गावात दिलेली. आई हातात भाकरीचं फडकं द्यायची. नदीतनं चालत जायाचं अन् दिस कलायच्या आत माघारी. आता मधी समुद्र झालाय.” आम्ही होडीचा बेत सांगितला, तेव्हा ते हसले नाहीत की नवलही केले नाही. इतकेच म्हणाले, “काका, होडी आणताय तर एक करा. काठावर कुणी हात केला, तर थांबा. आमच्यात पाण्यावर माणसाला न्हाई म्हनत न्हाईत.”

परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. आम्ही या पाण्याकडे आजवर दोनच दृष्टींनी पाहत होतो. एक नळाची, दुसरी १२ जुलै १९६१ ची. त्या दिवशी पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि शनिवार, नारायण या पेठांचा नदीकाठ पाण्याखाली गेला. पुण्यातील जुन्या घरांत पानशेत म्हणजे अजून तो पूरच. परंतु तो पूर काही तासांत ओसरला. धरण पुन्हा बांधले गेले आणि खोऱ्यात जे पाणी चढले, ते ओसरावयाचे नव्हते. पानशेतच्या जलाशयास तानाजीचे आणि वरसगावच्या जलाशयास मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर यांचे नाव आहे. त्या वीरांच्या मावळातील शेते आणि देवळे याच पाण्याखाली आहेत. कित्येक कुटुंबांस दौंडसारख्या दूरच्या मुलुखात नवी घरे मांडावी लागली. जी काठावर राहिली, त्यांच्या सोयरिकींच्या मध्ये तळे आले. कोयनेच्या शिवसागरातही हेच आहे. तापोळ्यापलीकडील कांदाटी खोऱ्यातील लोकांस बाजार, दवाखाना आणि शाळा यांसाठी लाँचची वाट पाहावी लागते. आम्हांस जी दुर्गम तळी म्हणून मोह घालतात, ती दुर्गम जन्मली नव्हती. त्यांच्या काठची गावे पाणी आल्यामुळे दुर्गम झाली आहेत.

त्या रात्री पुन्हा नकाशा पसरला, आणि प्रश्न निघाला तो त्या गृहस्थांच्या विनंतीचा. आमचा नियम असा, की होडीत तिघांहून अधिक माणसे नाहीत आणि जीवरक्षक जाकिटावाचून कोणी नाही. नियम मोडून चौथ्यास घ्यावे, तर एका लाटेसरशी सर्वांवर प्रसंग. नियमावर बोट ठेवून काठावरच्या माणसास हात हलवून पुढे जावे, तर ज्यांच्या उंबरठ्यावरून जावयाचे, त्यांनाच दार लावल्यासारखे. बराच वेळ दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. अखेर धाकट्या सूनबाई, ज्या पोहण्यात घरातील सर्वांहून तरबेज आहेत, म्हणाल्या, “नियम राहू द्या. आपणच एक कमी होऊ.”

दोन होड्यांत सहा जागा. एक तेथील वाटाड्याची, एक रिकामी, राहिल्या चार. घरातून जाणारे पाच. तेव्हा एकाने काठावर राहणे प्राप्त होते, आणि वयाच्या मानाने तो वाटा आमच्याकडे आला. आता आम्ही गाडी, जादा शिधा आणि औषधांची पेटी घेऊन सडकेने मुक्कामाच्या गावी पुढे जाऊ, आणि होड्या संध्याकाळी पोहोचेपर्यंत काठावर दृष्टी ठेवू. रिकाम्या जागेवर सहावे जाकीट ठेवले जाईल. यामुळे सामानाची एक गोणी कमी करावी लागली, आणि पिठल्याच्या भांड्याचाही आकार एकाने घटला.

ज्या कुटुंबांस असा प्रवास करावासा वाटेल, त्यांस आमचे सांगणे थोडकेच आहे. परवानगी लेखी घ्यावी. पोहता न येणाऱ्याने काठावर राहावे. दुपारचा वारा सुटण्याआधी वल्ही ठेवावी. कावडीचे किलोमीटर खेपांनी मोजावे. मुक्काम गावकऱ्यांस विचारून करावा आणि वाटाड्यास त्याचे मोल द्यावे. आणि सामान बांधताना एक जागा मोकळी राहील, इतके कमी बांधावे. ती जागा चारही दिवस रिकामीच येईल, असाही संभव आहे. तरी ती ठेवावी.