साडेनऊ मीटरची लढाई

खांदा कॉलनीत मी घरीच चित्रकलेचे क्लास घेतो. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की स्मरणचित्राचा सराव जोरात सुरू होतो. बाजार, एसटी स्टँड, विसर्जन मिरवणूक हे नेहमीचे विषय. पण विषय मुलांवर सोपवला, की पावनखिंड हमखास येते. आठवीतल्या एका मुलाच्या खिंडीत सगळे मावळे ताठ उभे होते, तलवारी उगारलेल्या. पडलेला एकही नाही. विचारलं, तर म्हणाला, "सर, पडलेले दाखवले तर आपण हरलो असं वाटेल."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतंच. मोठमोठ्या राजांनीही हाच विचार केलेला आहे. फ्रेंच आणि ऑस्ट्रियन फौजा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींशी लढल्या आणि त्या लढायांची चित्रं दोन्हीकडे रंगली. लुई फिलिपनं १८३७ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात युद्धचित्रांचं दालन उघडलं. त्यातली ३३ प्रचंड चित्रं १८०९ च्या वाग्रामच्या विजयापर्यंत येऊन थांबतात. वाग्रामच्या जेमतेम दीड महिना आधी आस्पर्नला आर्चड्यूक कार्लनं नेपोलियनला मागे रेटलं होतं. ती लढाई त्या दालनात नाही. ती बघायची तर ऑस्ट्रियाच्या योहान पेटर क्राफ्टचं चित्र शोधावं लागतं. तिथे कार्ल घोड्यावर आहे.

हे सांगून मुलांना काय कळणार? म्हणून सगळ्यांना खाली पार्किंगमध्ये नेलं. गाड्या कामावर गेल्या होत्या. खडू आणि मेजरिंग टेप घेऊन जेरारच्या 'ऑस्टरलिट्झ'ची चौकट आखली: रुंदी साडेनऊ मीटर, उंची पाच मीटर. ऑस्ट्रिया आणि रशिया यांच्या एकत्र फौजेचा २ डिसेंबर १८०५ ला नेपोलियननं पराभव केला, त्याचं हे चित्र. सेनापती राप विजयाची बातमी घेऊन दौडत येतो, तो क्षण. मुलं चौकटीत धावत सुटली. सगळा क्लास आत उभा राहिला, तरी निम्मी जागा मोकळी.

वर आल्यावर पूर्ण इंपीरियल कागद जमिनीवर पसरला. मेसोनिएचं 'सोल्फेरिनो' रुंदीला त्या कागदाएवढंच आहे, ७६ सेंटिमीटर. उंची साधारण ४४, म्हणजे कागदाची पट्टी कापून टाकावी लागली. अख्खी लढाई एवढ्याशा जागेत! मेसोनिए २४ जून १८५९ ला तिथे सैन्यासोबत हजर होता. तिसरा नेपोलियन टेकडीवर घोड्यावर बसून पाहतो आहे, आणि पुढ्यातल्या जमिनीवर ऑस्ट्रियन सैनिक मरून पडलेत. फ्रेंचांच्या विजयाचं चित्र आहे हे, तरीही ते तिथे आहेत. कॉम्प्युटरवर चित्र मोठं करून दाखवलं तेव्हा तो मुलगा बराच वेळ त्याच कोपऱ्याकडे बघत राहिला.

सोल्फेरिनोच्या लढाईच्याच संध्याकाळी आंरी द्युनां नावाचा जिनिव्हाचा व्यापारी जवळच्या कास्तिल्योने गावात पोचला. चर्चमध्ये, रस्त्यांवर जखमींचे ढीग. गावच्या बायका दोन्ही बाजूंच्या शिपायांना पाणी पाजत होत्या. द्युनांनं ते १८६२ मध्ये पुस्तकात लिहिलं आणि पुढच्याच वर्षी रेडक्रॉस उभी राहिली. या लढाईबद्दल वाचताना मला राजापेक्षा या बायका जास्त महत्त्वाच्या वाटतात. त्यांचं भव्य चित्र कुणी काढलं असतं, तर मी त्याचीही चौकट पार्किंगमध्ये आखली असती.

मग पानिपताचा विषय निघालाच. १४ जानेवारी १७६१ चं एक जुनं, प्रसिद्ध चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. काळ १७७० च्या सुमाराचा, शैली फैजाबादची. फैजाबाद अवधच्या शुजाउद्दौलाचं, आणि शुजा तर अब्दालीच्या बाजूनं लढला होता. म्हणजे आपली सर्वांत मोठी हार आपण समोरच्याच्या छावणीतून बघतो. मुलांना हे टोचलं. टोचायलाच हवं होतं.

त्या मुलानं पूर्ण इंपीरियल कागद मागून घेतला. मी त्याला सांगितलं की भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर बायका-मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे असे हजारो लोक होते. त्यानं कागदाच्या खालच्या कडेला आधी एक उलटलेली बैलगाडी काढली, मग चाकाला धरून बसलेली म्हातारी. विश्वासरावांचा हत्ती दूर क्षितिजाशी, अंगठ्याएवढा ठेवला. शेजारची मुलगी त्याच्याशी भांडू लागली, विश्वासराव एवढे लहान कसे? तो म्हणाला, "ही म्हातारी बसलीय तिथून एवढेच दिसणार."