उभं राहून झिजलेला बंब

विमानतळावरच्या जुन्या बंबाचा मैलांचा काटा पाहून नवखी माणसं खूश होतात. आकडा इतका लहान असतो, की गाडी जेमतेम वापरलेली वाटावी. मला तो आकडा दिसला की धास्ती वाटते. हा बंब वर्षानुवर्षं भरल्या टाकीनिशी धावपट्टीच्या कडेला उभा होता, एवढाच त्याचा अर्थ. रोज सकाळी इंजिन सुरू करायचं, पंप फिरवून बघायचा, दिवे आणि घंटा तपासायची आणि बंद करायचं. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद झालं, की पेट्रोलच्या ज्वलनातली वाफ आतच निवते आणि पाणी होऊन तेलात उतरते. अशा गाडीचं तेल काढलं तर डब्यात पिवळट, दाट लगदा पडतो. मालवाहू ट्रक कुठे झिजला ते त्याचे टायर आणि क्लच सांगतात. उभं राहून झिजलेल्या गाडीचं दुखणं टाकीच्या तळाशी, आखडलेल्या सीलमध्ये आणि तेलाच्या गाळात शोधावं लागतं.

सध्या आमच्या हाताखाली आहे तो अल्व्हिस सॅलॅमँडर, ब्रिटिश हवाई दलाचा १९५०च्या दशकातला सहाचाकी क्रॅश टेंडर, म्हणजे कोसळलेल्या विमानाच्या आगीवर धावणारा बंब, लष्करी क्रमांक एफव्ही ६५१. सॅलॅडिन ही चिलखती गाडी आणि सॅरसन हा सैनिकवाहक यांचा हा भाऊबंद. पुढे पाण्यात तरंगणारा स्टॉलवर्ट ट्रक निघाला तो याच्याच सांगाड्यावरून. अल्व्हिसचा कारखाना कॉव्हेंट्रीत होलीहेड रोडवर होता. तिथे आता दुकानांचं संकुल आहे, नाव मात्र अल्व्हिसचंच. मी याच शहरात गिअर कापण्याच्या धंद्यात उमेदीची वर्षं काढली. आता निवृत्त झाल्यावर शनिवारी ओव्हरऑल चढवून जुने बंब दुरुस्त करणाऱ्या स्वयंसेवकांच्या शेडमध्ये जातो. आम्ही सगळे बिनपगारी आणि बहुतेक साठीच्या पुढचे.

पुण्याहून दादाचा फोन येतो. तो दापोडीच्या एसटी कार्यशाळेत होता. ‘‘काय रे, पळाला का तुझा बंब?’’ हा त्याचा पहिला प्रश्न.

‘‘दादा, पळायचं नंतर. आधी थांबायला शिकवतोय,’’ म्हटलं की त्याला बरं वाटतं. ब्रेकच्या आधी इंजिनाला हात घालणारा मेकॅनिक त्याच्या लेखी मेकॅनिकच नव्हे.

ब्रेकमध्ये एक मेख असते. त्या काळच्या काही लष्करी गाड्यांच्या हायड्रॉलिकमध्ये खनिज तेल चालायचं, नेहमीचं ब्रेक ऑइल नाही. एकाच्या सीलना दुसरं तेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि ब्रेक जाम होतात. म्हणून तेलाच्या टाकीवरची पत्र्याची पाटी वाचल्याशिवाय आम्ही थेंबही ओतत नाही. पाटी रंगाखाली बुजलेली असेल तर आधी ती खरवडून काढायची.

इंजिनाचं त्या मानाने सोपं. गाडीच्या मागच्या बाजूला रोल्स-रॉइसचं बी-८१ बसवलंय. एका ओळीत आठ सिलिंडर, साडेसहा लिटर, आत घेणारे व्हॉल्व्ह वर आणि धूर सोडणारे बाजूला. पेट्रोल किती पितं ते घरी सांगू नये. पण दुसऱ्या महायुद्धात भागांच्या सरमिसळीने पोळलेल्या लष्कराने ही चार, सहा आणि आठ सिलिंडरांची मालिका मुद्दाम एका घरातली करून घेतली होती. बी-८१चं बोअर थोरलं, त्यामुळे पिस्टन वेगळे. तरी ऑस्टिन चँप जीप किंवा फेरेट ही चिलखती गाडी यांच्या मोडीतून बरंच काही इथे चालून जातं. दुर्मीळ गाडी जगवायची तर तिचं गणगोत माहीत हवं.

सगळ्यात जास्त वेळ मी चाकांपाशी घालवला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. सॅलॅमँडरची सहाही चाकं ओढणारी. पण साध्या ट्रकसारखे इथे ॲक्सल नाहीत. गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती मधल्या एकाच डिफरन्शियलमध्ये डावी-उजवी वाटली जाते, आणि पुढे प्रत्येक बाजूची तिन्ही चाकं शाफ्ट आणि बेव्हल गिअरांनी एकमेकांना जखडलेली. चिखलात हे झकास. एक चाक अधांतरी फिरत राहिलं आणि गाडी रुतली, असं होत नाही. डांबरी रस्त्यावर मात्र हेच उलटतं. तिघांपैकी एका चाकाचा घेर बोटभर कमी असला तर त्याला तेवढ्याच अंतरात जास्त फिरायचं असतं. शेजारची दोन फिरू देत नाहीत. टायरला डांबरावर घसरता येत नाही. मग तो सगळा पीळ शाफ्टमध्ये साठत जातो. गाडी जड चालते, चाकांपाशी हात धरवत नाही इतकी उष्णता येते, आणि तरीही रेटली तर आतला सांधा किंवा गिअरचा दात जातो. पीळ उतरवायला अशा गाड्यांचे ड्रायव्हर एक बाजू फुटपाथच्या कडेवरून नेत. चाक हवेत आलं की ताण सुटतो.

शेडमध्ये हा पीळ डोळ्यांनी दिसतो. रस्त्यावरून आणलेली गाडी जॅकवर घ्या. चाक जमीन सोडतं त्या क्षणी कोणी हात न लावता ते हिसका देऊन फिरतं. बोटं जवळ असतील तर बोटं जातात. म्हणून आमच्याकडे टायरचा घेर मोजायचा नियम आहे. हवा सारखी भरायची, टायरच्या मध्यावरून टेप गुंडाळायची, आकडा खडूने टायरवरच लिहायचा. मग जवळच्या आकड्यांची तीन-तीन चाकं एका बाजूला लावायची. एक नवा आणि दोन जुने असं चालत नाही, मग नवा टायर कितीही सुंदर दिसो. बघायला येणाऱ्यांना हे खडूचे आकडे अस्वच्छ वाटतात. माझ्या मते गाडीवरचा सगळ्यात मोलाचा मजकूर तोच.

गिअरबॉक्स प्रीसिलेक्टर जातीचा, लंडनच्या जुन्या आरटी डबलडेकर बसमध्ये होता त्याच तत्त्वाचा. दांडी दुसऱ्यावर ठेवली तरी काही घडत नाही. पायाखालचं पेडल दाबून सोडलं की मगच गिअर पडतो. आत ड्रमभोवती पट्टे आवळले जातात. बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत हे पट्टे सैल असतात. ते आवळायला पाना लागत नाही. एकेक गिअर निवडायचा आणि पेडल पुनःपुन्हा शेवटपर्यंत दाबायचं. प्रत्येक दाबाबरोबर आतला ॲडजस्टर किंचित सरकतो. पेडल अर्धवट दाबलं तर ते असं उसळतं की नडगी आठवडाभर बोलते. तरुण स्वयंसेवकांना हा व्यायाम द्यायला आम्हाला आवडतं.

टाकीत उतरायचं काम कुणालाच नको असतं. सुमारे ७०० गॅलन पाणी आणि १०० गॅलन फोमचं द्रावण घेऊन हा बंब विमानाशी पोहोचायचा, आणि पंप पूर्ण सुरू झाल्यावर काही मिनिटांत रिकामा व्हायचा. म्हणजे एवढं यंत्र त्या काही मिनिटांसाठी. पाणी वळणावर डचमळू नये म्हणून टाकीत आडवे पत्रे असतात. त्यांच्या खालच्या कोपऱ्यांत गाळ दडतो, आणि जिथे गनमेटलचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमला टेकतो तिथे पांढरी भुकटी. दिवा आत सोडून चाकूच्या टोकाने ती उकरायची. चाकू आत गेला तर तेवढा पत्रा कापायचा.

फोमच्या टाकीचा प्रश्न वेगळा. सुरुवातीच्या काळात फोम प्रथिनांपासून होई. खुरं, शिंगं, रक्त असा कसाईखान्यातला माल रसायनांत उकळून केलेलं ते काळपट द्रावण. त्याला वास असायचा, एवढंच. १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने पेट्रोलवर पातळ पडदा पसरवणारा नवा फोम आणला. १९६७ साली ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावर लागलेल्या आगीत १३४ माणसं गेली, त्यानंतर तो झपाट्याने पसरला. त्याने माणसं वाचवली यात वाद नाही. पण त्यातली फ्लोरिनची रसायनं मातीत, पाण्यात आणि शरीरात साठून राहतात; त्यांतल्या पीएफओएसचं उत्पादन थांबवत असल्याचं थ्रीएमने २००० साली जाहीर केलं. जुन्या बंबाच्या टाकीत कोणत्या वर्षी काय भरलं होतं याची नोंद क्वचितच मिळते. म्हणून तळाचा अवशेष आम्ही झाकणबंद पिंपांत भरतो आणि परवानाधारक विल्हेवाटवाल्याकडे पैसे मोजून पाठवतो. नळी लावून टाकी धुवायची आणि पाणी गटारात सोडायचं, हे आमच्या शेडमध्ये बंद आहे. प्रदर्शनात फोम उडवून दाखवा असा आग्रह होतो. आम्ही छतावरच्या तोफेतून साधं पाणी मारतो. ज्यासाठी बंब जन्माला आला तेच काम आम्ही त्याच्याकडून करून घेत नाही, याची खंत मला नाही.

रंगाबद्दल मी फार बोलत नाही. लाल रंग चढवला की फोटो चांगले येतात, देणगीदार मिळतात. पण पंप पाणी ओढत नसेल तर तो चकचकीत पत्रा आहे, बंब नाही. केबिनमध्ये हाताने वेल्डिंग केलेला एक वाकडा हूक आहे, कोणत्याही नकाशात नसलेला. हवाई दलातले एक निवृत्त अग्निशामक शेडमध्ये आले, त्यांनी न बघता हात वर नेला आणि तो हूक पकडला. हातमोजे टांगायला होता. तो तसाच ठेवून आजूबाजूला रंग दिला.

हे सगळं मराठीत लिहायचं कारण आपल्याकडचे बंब. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाचा स्फोट झाला, ६६ अग्निशामक गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतो. त्या सप्ताहात गाड्या धुऊन पुसून उभ्या करतात. पण १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांवरच्या सरकारी आणि पालिकांच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, आणि ‘व्हिंटेज’ नोंदणीचा २०२१चा नियम दुचाकी व मोटारींसाठी आहे, अशा ट्रकसाठी नाही. तेव्हा तुमच्या नगरपालिकेच्या आवारात, साखर कारखान्याच्या मागे किंवा एखाद्या जुन्या विमानतळावर बंब उभा असेल, तर लिलावाची नोटीस लागायच्या आधी थोडं करा. चासीवरच्या पाटीचा फोटो काढा. लॉगबुक आणि हँडबुक रद्दीत जाऊ देऊ नका. टाकीतलं पाणी काढून टाका, फोमचं द्रावण मात्र गटारात सोडू नका. आणि ती गाडी चालवलेला ड्रायव्हर गावात असेल तर त्याला एकदा केबिनमध्ये बसवा, तो हात कुठे कुठे नेतो ते लिहून घ्या.