दावे कुणाच्या खुंट्याला?

जुनी वस्तू विकत घेण्यात आपल्या शेतकरी माणसाला कधी कमीपणा वाटलेला नाही. जुना ट्रॅक्टर, जुने इंजिन, दुसऱ्याच्या दावणीची बैलजोडी यांच्या जोरावर कितीतरी संसार उभे राहिले. नव्याला पैसा पुरत नाही आणि काम तर थांबत नाही. अशा वेळी पारखून जुने घ्यावे, हा शहाणपणाचाच व्यवहार आहे. मात्र प्रत्येक वस्तूची पारख वेगळी. बैलाचे दात बघतात, चाल बघतात, औताला जुंपून बघतात. ट्रॅक्टरचा आवाज ऐकतात आणि आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, तेही बघतात. अलीकडे मात्र आपल्या घरात अशी एक जुनी वस्तू येऊ लागली आहे, की जिची पारख वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकवलेली नाही. ती म्हणजे टॅब. मोबाईलचाच थोरला भाऊ, पाटीएवढा.

माझी नोकरी शेतकऱ्यांमध्ये फिरण्याची. बियाणे, खत, कीड यांची विचारपूस व्हायची ती होतेच. पण त्याबरोबर माणसे घरची अडचणही घेऊन येतात. गेल्या दिवाळीनंतर सोयाबीनचा पैसा हाती आला, तेव्हा आमच्या लातूर जिल्ह्यातला एक पाच एकरांचा शेतकरी असाच एका टॉवेलात काहीतरी गुंडाळून माझ्याकडे आला. बरोबर बायको होती आणि बारावीत शिकणारी मुलगी.

"साहेब, हे बगा. पैसे गेले का म्हना आमचे?" एवढेच बोलून त्याने टॅब माझ्यापुढे ठेवला.

हकीकत अशी. मुलीला कृषी पदवीला जायचे होते. त्यासाठी सीईटीची परीक्षा द्यावी लागते. शिकवणीचे धडे ती मोबाईलवर बघे. पण घरात मोबाईल एकच. ई-पीक पाहणीची नोंद करायला बाप तो शेतात घेऊन जाई, आणि घरी असला तरी त्या चिमुकल्या पडद्यावर गणिताची आकृती दिसता दिसत नसे. नवा टॅब परवडणारा नव्हता. तेव्हा तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराला गेला असता, जुने मोबाईल घेणाऱ्या-विकणाऱ्या एका दुकानातून त्याने साडेसहा हजारांना हा टॅब घेतला. दुकानदाराने चालू करून दाखवला. पडद्यावर स्वागताचे चित्र आले, भाषा निवडा म्हणून विचारणा झाली. "बघा, एकदम कोरा. घरी जाऊन नेट जोडा आणि सुरू करा," दुकानदार म्हणाला. पावती मागायची कुणाला सुचली नाही.

घरी मुलीने बापाच्या मोबाईलवरून नेट जोडले. मग टॅबने विचारले ते भलतेच. हे उपकरण पुसण्यात आले आहे, यावर पूर्वी जे गुगल खाते होते त्याच खात्याने आत या, असा त्याचा अर्थ. मुलीने आपले खाते घातले, नाकारले. बापाचे घातले, नाकारले. चार दिवस ती पोर रात्री जागून प्रयत्न करीत होती.

हे कुलूप काय आहे, ते आधी समजून घेतले पाहिजे. पूर्वी चोरलेला मोबाईल बटणे दाबून पुसला की तो नव्यासारखा होई आणि बाजारात विकला जाई. चोराचे फावत असे. त्यावर उपाय म्हणून ॲपल कंपनीने २०१३ मध्ये आणि गुगलने अँड्रॉईडसाठी २०१५ मध्ये ही सोय आणली. मालकाने आपले खाते स्वतः काढल्याशिवाय उपकरण नुसते पुसले, तर ते पुन्हा सुरू होताना जुन्या मालकाची ओळख मागते. ॲपलच्या आयपॅडची नोंद कंपनीच्या दूरच्या संगणकावर असते. अँड्रॉईडमध्ये ती उपकरणातल्याच एका राखीव कप्प्यात असते आणि तो कप्पा पुसताना पुसला जात नाही.

मी त्या शेतकऱ्याला आपल्या भाषेत सांगितले. "हे बघा, तुम्ही एखादं रान नांगरलं, जुने बांध मोडले, सगळं सपाट केलं, म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलतं का? फेरफार व्हावा लागतो. या टॅबचं रान पुसलंय, पण सातबारा अजून दुसऱ्याच्या नावावर आहे."

त्याला ते लगेच पटले. पण त्याच्या पुतण्याने दुसराच मार्ग काढून ठेवला होता. शहरात एक जण बाराशे रुपयांत असे कुलूप तोडून देतो म्हणे. आधीच साडेसहा हजार अडकलेले. अजून बाराशेने काम होत असेल तर करून टाकावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. मला एवढेच विचारायला तो आला होता की, माणूस भरवशाचा असेल का?

मी काही बोलण्याआधी त्याची बायकोच बोलली. इतका वेळ ती गप्प बसून होती. "ज्याचं हाय त्याला तरी ठावं हाय का, हे इकलं गेलंय म्हनून? चोरीचं असलं तर पोरीनं त्याच्यावर शिकायचं कसं?"

मंडळी, सारा प्रश्न त्या माउलीने दोन वाक्यांत मांडला. बाकीचे आम्ही पैशाचा हिशेब करीत बसलो होतो.

कुलूप तोडणाऱ्याबद्दल मला जे ठाऊक होते ते मी सांगितले. अशा पळवाटा निघतात आणि पुढच्या सुधारणेत कंपनी त्या बुजवते. आज उघडलेला टॅब उद्या पुन्हा बंद पडू शकतो. तोडणारा माणूस आत काय घालून ठेवील याचा नेम नाही, आणि त्याच टॅबवर आपण उद्या बँकेचा व्यवहार करणार. शिवाय कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाप्रमाणे, माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना तो बेइमानीने घेणे वा जवळ ठेवणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग आम्ही शोधाला लागलो. टॅबमध्ये सिमकार्डाची जागा होती, म्हणजे त्याला मोबाईलसारखा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक असणार. तो मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सापडला. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरे, मग एक जागा सोडून हा क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवला की त्या उपकरणाची स्थिती कळते. सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावरही ही तपासणी होते. हरवलेला मोबाईल बंद करण्याची सोय तिथेच आहे. उत्तर आले, क्रमांक ठीक आहे, काळ्या यादीत नाही. बाईच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला. पण मी त्यांना हेही सांगितले की, यावरून एवढेच कळते की कुणी तक्रार करून तो बंद केलेला नाही. चोरीचा नाहीच, असा हा दाखला नव्हे. नुसत्या वायफायवर चालणाऱ्या टॅबला तर हा क्रमांकच नसतो.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दुकानावर गेलो. दुकानदार आधी हात वर करून मोकळा झाला. "मी चालू करून दिला होता. घरी काय केलं मला काय माहीत?" मी आवाज चढवला नाही. म्हटले, "भाऊ, तुमच्यावर आळ नाही. हा आला कुठून, तेवढं सांगा. नाहीतर तुम्हालाही ठाण्यात जाऊन सांगावं लागेल." त्याने मळकी वही काढली. माणूस कसाही असो, वही मात्र ठेवत होता. तारीख, नाव आणि फोन नंबर निघाला. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेतले गुरुजी. नवा टॅब घेतला म्हणून जुना देऊन गेले होते.

फोन लावला. गुरुजी बिचारे चकित झाले. त्यांच्यासमोरच दुकानातल्या पोराने बटणे दाबून टॅब पुसला होता, त्यामुळे सगळे मिटले असे त्यांनी धरले होते. माणूस भला. लगेच म्हणाले, "लिहून घ्या, मी पासवर्ड सांगतो." मी त्यांना थांबवले. त्या एका पासवर्डामागे माणसाची पत्रे, फोटो, फोन नंबर आणि कितीतरी व्यवहार असतात. घराची किल्ली अशी रस्त्यावरच्या माणसाला सांगू नये; तो आपल्या ओळखीचा कृषी अधिकारी असला तरी. गुरुजी रविवारी मोटारसायकलवर स्वतः आले, स्वतःच्या हाताने खाते घातले, आत जाऊन सेटिंगमधून ते काढून टाकले आणि मग तिथूनच टॅब पुन्हा पुसला. दहा-पंधरा मिनिटांचे काम. मुलीने आपले खाते घातले आणि टॅब उघडला. गुरुजींनी जाताना तिला विचारले, "गणितात काय अडतंय?" आणि दुकानाच्या फळीवर बसूनच तिला एक उदाहरण समजावून दिले.

आमचे काम झाले. पण असे सगळ्यांचेच होत नाही. याच वर्षी दुसऱ्या एका गावात मी असा टॅब पाहिला की जो सुरू करताच एका संस्थेचे नाव दाखवी आणि हे उपकरण संस्थेच्या ताब्यात आहे असे सांगे. विद्यार्थ्यांना वापरायला दिलेला टॅब कुणीतरी परस्पर विकलेला. त्याला एकच वाट होती, ज्याचा त्याला परत. घेणाऱ्याचे साडेचार हजार बुडाले, कारण त्याच्याजवळ ना पावती होती, ना विकणाऱ्याचे नाव.

म्हणून घेणाऱ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, स्वागताचे चित्र दिसले म्हणजे टॅब कोरा आहे, असे समजू नये. कुलूप दिसते ते नेट जोडल्यावर. दुकानातच आपल्या मोबाईलचे हॉटस्पॉट सुरू करावे, आपले खाते घालावे आणि पहिल्या मुख्य पडद्यापर्यंत पोहोचल्यावरच खिशात हात घालावा. दुसरी, सिमचा टॅब असेल तर १४४२२ वर क्रमांक तपासावा. तिसरी, पावती घ्यावी. तिच्यावर विकणाऱ्याचे नाव, फोन, तारीख आणि उपकरणाचा क्रमांक असावा. मूळ खरेदीचे बिल मिळाले तर ते सोन्यासारखे जपावे, कारण पुढे अडले तर कंपनीच्या सेवा केंद्रात तेच कामाला येते. चौथी, "घरी जाऊन सुरू करा" असे कुणी म्हणाले, तर टॅब तिथेच ठेवून घरी जावे.

पण मला अधिक सांगायचे आहे ते विकणाऱ्यांना. हाळी हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात बैल विकला गेला की आमच्याकडे विकणारा आपले दावे सोडून घेतो. घेणारा स्वतःचे दावे घेऊन आलेला असतो. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाऊ नये, अशी त्यामागे समजूत. पण मला त्यात व्यवहाराचाही अर्थ दिसतो. माझे दावे सुटले, तुझे बांधले गेले, म्हणजे जनावर आता तुझे. टॅबच्या सौद्यात पैसे दिले-घेतले, वस्तू हातात पडली, तरी दावे मात्र जुन्याच खुंट्याला बांधलेले राहते. ते सोडण्याचे काम ज्याने बांधले त्याचेच.

ते अवघडही नाही. अँड्रॉईडचा टॅब असेल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन आपले खाते काढावे, मग तिथूनच सगळे पुसावे; बटणे दाबून पुसू नये. आयपॅड असेल तर पुसण्याआधी ॲपलच्या खात्यातून बाहेर पडावे. ते राहून गेले असेल तर आपल्या खात्याच्या यादीतून तो आयपॅड घरबसल्याही काढता येतो. आणि हे काम दुकानातल्या पोरावर सोडू नये. आपले फोटो, आपली पत्रे, आपल्या लेकीसुनांचे नंबर त्यात असतात.

तुमच्यापैकी कितीजणांच्या फडताळात एखादा जुना मोबाईल किंवा टॅब पडून असेल, आज ना उद्या विकू म्हणून. तो आज संध्याकाळी काढा. घरातल्या शिकत्या पोराला शेजारी बसवा आणि त्याच्याकडून आपले खाते काढून घ्या. पासवर्ड आठवत नसेल तर आत्ताच शोधता येईल; वस्तू चार हात फिरून गेल्यावर तुम्हाला शोधायला कुणी गुरुजींपर्यंत पोहोचेलच, असे नाही. तो टॅब पुढे ज्या घरात जाईल, तिथेही कुणी मुलगी परीक्षेची तयारी करीत बसलेली असेल.