लॉरेन मोटेलच्या अंगणात

मेम्फिसमधल्या बील स्ट्रीटवरचा गिटारांचा कल्लोळ मागे टाकून दक्षिणेकडे चालत गेलं, की मलबरी स्ट्रीटवर लॉरेन मोटेल लागतं. दुमजली इमारत, फिरोजी दारं, अंगणात जुन्या लांबलचक मोटारी. वरच्या गॅलरीत ३०६ क्रमांकाच्या खोलीसमोर कठड्याला फुलांचं चक्र लावलेलं आहे. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी मार्टिन ल्यूथर किंग तिथं उभे होते. खाली अंगणात सॅक्सोफोनवादक बेन ब्रँच. रात्रीच्या सभेत ‘प्रेशस लॉर्ड’ मन लावून वाजव, असं किंग त्यांना सांगत होते, तेवढ्यात गोळी लागली. पाच दिवसांनी अंत्यविधीत तेच भजन महालिया जॅक्सन यांनी गायलं.

लोक इथं मृत्यूची जागा बघायला येतात. मला मात्र हे मोटेल नांदतं असतानाचं जाणून घ्यायचं होतं. वॉल्टर आणि लॉरी बेली हे कृष्णवर्णीय दांपत्य ते चालवत असे. गोऱ्यांच्या हॉटेलांत ज्यांना खोली मिळत नसे, ते कलावंत इथं उतरत. स्टॅक्स या संगीत स्टुडिओतले काळे-गोरे वादक इथं एकत्र बसत. ‘नॉक ऑन वुड’ हे गाणं याच मोटेलच्या खोलीत रचलं गेलं. किंग गेले त्याच दिवशी लॉरीबाईंना मेंदूचा झटका आला आणि किंग यांच्या अंत्यविधीच्या दिवशी त्याही गेल्या.

१९९१ पासून इथं संग्रहालय आहे. आत एका कचरागाडीपाशी माझे पाय अडले. १ फेब्रुवारी १९६८ रोजी इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे सफाई कामगार पावसाला आडोसा म्हणून अशाच गाडीत शिरले आणि कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडले गेले. मग सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ असे फलक घेऊन रस्त्यावर उतरले. किंग त्यांच्यासाठीच मेम्फिसला आले होते. आपल्याकडे गटारात गुदमरून मरणाऱ्यांच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाला त्या गाडीपुढून हलवत नाही.

दुपारी मॅकलमोर अव्हेन्यूवर गेलो. जुन्या सिनेमागृहात थाटलेला स्टॅक्स स्टुडिओ १९८९ मध्ये पाडला. त्याच जागेवर २००३ मध्ये संग्रहालय उभं राहिलं. लॉरेनचाही लिलाव झाला होता, पण १९८२ मध्ये देणग्या, कर्ज आणि कामगार संघटनेची मदत मिळवून ते वाचवलं गेलं. मेम्फिसला जाल तर ही दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी पाहा. ज्यांनी गाणी बांधली आणि ज्यांनी मोर्चे काढले, त्यांची उठबस एकाच अंगणात होती, हे मला त्या दिवशी कळलं.