दुसरा पडदा

ज्या दोन वस्तु एकमेकींत बरोबर बसतात त्या एकमेकींच्या उपयोगी पडतातच, अशी आमची आजवर पक्की समजूत होती. किल्ली कुलुपांत बसली कीं कुलूप उघडावें, झांकण डब्यावर बसलें कीं डबा बंद व्हावा, यांत शंका ती कसली? परंतु गेल्या महिन्यांत एका हातभर तारेनें ही समजूत खोटी ठरविली. आणि तेवढ्यावर न थांबतां घरांतील एका निरपराध मुलास आमच्या तोंडचे बोल ऐकावयास लावले. तीच हकीकत वाचकांपुढें मांडावयाची आहे.

झालें असें कीं, घरांतील एक जुनी हस्तलिखित पोथी छापील प्रतीशीं ताडून पाहण्याचें काम आम्हीं निवृत्तीनंतर हातीं घेतलें आहे. पोथीचीं छायाचित्रें लॅपटॉपवर पाहावयाचीं, तीं बाजूस सारून पाठभेद टिपावयाचे, आणि पुन्हां छायाचित्र काढावयाचें. या येरझारांत डोळा एका ओळीवरून भलत्याच ओळीवर घसरे. आणि जुन्या लेखनिकांच्या ज्या चुकांना आम्ही हंसत होतों, त्याच आमच्या हातून होऊं लागल्या. हें पाहून पुतण्यानें आपल्या वापरांतला एक पडदा, म्हणजे मॉनिटर, आपण होऊन आणून दिला. "काका, एका पडद्यावर पोथी ठेवा नि दुसऱ्यावर लिहा. नुसती मान वळवली कीं काम झालें," असें तो म्हणाला.

पडद्याच्या पाठीमागें दोन खांचा होत्या : एक व्हीजीएची व दुसरी डिस्प्लेपोर्टची. लॅपटॉपला मात्र एक एचडीएमआयची व एक यूएसबी-सीची. म्हणजे एकही जोड जुळेना. आम्हीं मोठ्या काटेकोरपणानें खांचांच्या आकृति कागदावर काढल्या, दुकानांत गेलों, आणि एका टोकास एचडीएमआय व दुसऱ्या टोकास डिस्प्लेपोर्ट असलेली तार मागून आणली. दोन्ही टोकें आपापल्या खांचेंत नेमकीं बसलीं. पडदा मात्र काळा तो काळाच! 'संकेत मिळत नाहीं' एवढें एक वाक्य क्षणभर उमटे व मावळे. तार काढून पुन्हां घातली, यंत्रें बंद करून सुरू केलीं, पडद्याच्या कळा दाबून डिस्प्लेपोर्टची निवड केली, सारें व्यर्थ.

त्या रात्रीं जेवतांना सर्वांच्या देखत आम्ही पुतण्यास म्हणालों, "बिघडलेली वस्तु काकाच्याच गळ्यांत बांधावयाची होती काय रे?" त्यानें मान खालीं घातली व मुकाट्यानें जेवण संपविलें. पुढें चार दिवस तो आमच्या खोलीकडे फिरकला नाहीं.

पांचव्या दिवशीं केर काढतांना सूनबाईंच्या हातीं त्या तारेचें वेष्टन लागलें. त्यांनीं तें वाचलें. आम्हीं वाचलें नव्हतें. "बाबा, ही तार एकाच दिशेनें चालते. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे. आपल्याला तर उलट पाहिजे." वेष्टनावर बाणही स्पष्ट छापला होता.

मग आम्हीं हा विषय मुळापासून समजून घेतला. त्याचें सार येथें देतों. कारण आजकाल घरोघरीं कोणी ना कोणी घरीं बसून कचेरीचें काम करतो, व दुसऱ्या पडद्याची गरज आज ना उद्यां पडतेच. व्हीजीए ही खांच १९८७ सालीं आयबीएम कंपनीनें आणली. तींत तीन ओळींत पंधरा छिद्रें असतात, व चित्र विजेच्या कमीअधिक होणाऱ्या दाबाच्या रूपानें जातें. पुढें १९९९ सालीं डीव्हीआय, २००२ च्या अखेरीस एचडीएमआय आणि २००६ सालीं डिस्प्लेपोर्ट आलें. एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट दोन्ही चित्र अंकांच्या रूपानें नेतात खरीं. परंतु त्यांच्या भाषा वेगळ्या आहेत. लिपि एकच असली तरी संस्कृत जाणणाऱ्यास नेपाळी कळेलच असें नाहीं, तसाच हा प्रकार.

आतां गंमत अशी कीं, संगणकाच्या पुष्कळशा डिस्प्लेपोर्ट खांचांना एचडीएमआयची भाषाही बोलतां येते. कित्येकदां अशा खांचेपाशीं 'डीपी' या अक्षरांपुढें दोन अधिकचिन्हें असतात. तेथें स्वस्त तार पुरते, कारण ती केवळ वेष पालटते. उलट, एचडीएमआयच्या खांचेस डिस्प्लेपोर्टची भाषा मुळींच येत नाहीं. तेथें वेष पालटून भागत नाहीं. मध्यें खरा दुभाषा बसवावा लागतो. त्याच्या पोटांत स्वतंत्र मंडल असतें, व त्यास बहुधा वेगळी वीजही द्यावी लागते. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे जातांनाही दुभाषा लागतोच. शिवाय व्हीजीएवर बारीक अक्षरांच्या कडा कांहींशा पुसट होण्याचा संभव. पोथी वाचणारास तें परवडणारें नव्हे.

राहिली ती यूएसबी-सीची खांच. ही २०१४ सालची. तिचा आकार सर्वत्र सारखा, पण गुण सारखे नसतात. कांहींतून चित्र जातें, कांहींतून जात नाहीं. तारांचेंही तसेंच : फोनच्या चार्जिंगची तार टोकानें बसते, पण बहुधा चित्र नेत नाहीं. आमच्या सुदैवानें लॅपटॉपच्या खांचेशेजारीं डिस्प्लेपोर्टचें चिन्ह होतें. म्हणजे तोंड वेगळें, पण भाषा डिस्प्लेपोर्टचीच. दुभाष्याची गरजच नाहीं! यूएसबी-सीकडून डिस्प्लेपोर्टकडे जाणारी तार आणून जोडली, आणि पोथीचें पहिलें पान पडद्यावर लख्ख उमटलें. तेव्हां वाचकहो, दुकानांत जातांना नुसतीं दोन टोकें सांगूं नका. देणारा कोण, घेणारा कोण, हें आधीं सांगा. कर्ता व कर्म यांची अदलाबदल केली तर वाक्याचा अर्थ फिरतो, हें आम्हीं मुलांस जन्मभर शिकविलें, आणि एका तारेपुढें आम्हीच तें विसरलों.

त्या रात्रीं, ज्या पंक्तींत पुतण्यास बोललों होतों त्याच पंक्तींत, "चूक आमची होती, तुझा पडदा उत्तम आहे," असें आम्हीं सांगितलें. वडीलपणास हें जड गेलें, हें कबूल केलें पाहिजे. तो हंसला व म्हणाला, "काका, मला वाटलें, खरेंच बिघडला असेल." त्याचें हें उत्तर आम्हांस अधिक लागलें. आम्हीं दोष दिला, आणि त्यानें तो स्वतःच्या वस्तूचा मानून घेतला होता.

आणि तेव्हांपासून एक मुलगा वारंवार डोळ्यांपुढें येतो. सोलापुरांत आम्ही शिकवीत असतां आमच्या वर्गांत विणकराच्या घरचा एक मुलगा होता. घरांत तेलुगु, शाळेंत मराठी, आणि आमच्या तासाला संस्कृत. वर्षभर तो बोलला नाहीं. आम्हीं त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'मंद' असा शेरा मारला; त्याच्या बापानें तो दुसऱ्याकडून वाचून घेतला व खालीं अंगठा उमटविला. त्या बापानेंही तो खराच मानला असेल. मुलगा रोज वेळेवर येत होता, समोरच्या बांकावर बसत होता, आमच्याकडे पाहत होता. टोकें जुळलींच होतीं. दुभाषा तेवढा आम्हीं मध्यें बसविला नाहीं.

पडदा काळा दिसला म्हणजे तो मेला असें नव्हे. पुतण्याची क्षमा मागतां आली. त्या मुलाचा पत्ता आज आमच्यापाशीं नाहीं.